स्थूलतेवरील शस्त्रक्रियांचे प्रकार व त्यांतील निवड : एक विवेचन

प्रस्तावना :
स्थूलता म्हणजे आळस आणि अतिखाणे यांची शिक्षा, अशी समजूत आपल्या समाजात दीर्घकाळ रूढ आहे. वैद्यकशास्त्राने मात्र गेल्या काही दशकांत स्थूलतेकडे एक दीर्घकालीन आजार म्हणून पाहण्यास सुरुवात केली. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, झोपेत श्वास अडकणे, गुडघ्यांची झीज, वंध्यत्व इत्यादी विकारांशी तिचा निकटचा संबंध आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया व २२.९ टक्के पुरुष यांचा शरीर वस्तुमान निर्देशांक २५ किंवा त्याहून अधिक आढळला. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हेच प्रमाण अनुक्रमे २०.६ व १८.९ टक्के होते.

आहार, व्यायाम व औषधोपचार यांनी पुरेसा फरक न पडलेल्या रुग्णांसाठी शस्त्रक्रिया हा उपाय आता सर्वमान्य झाला आहे. तथापि शस्त्रक्रिया करावयाची हे ठरल्यानंतरचा प्रश्न अधिक अवघड असतो. रुग्णासमोर दोन-तीन नावे ठेवली जातात. त्यांतील एक निवडताना ओळखीच्या व्यक्तीने कोणती करून घेतली, कोणत्या शस्त्रक्रियेत किती किलो वजन उतरते, किंवा कोणती स्वस्त पडते, एवढ्याच गोष्टी पाहिल्या जाण्याची शक्यता असते. ही निवड मात्र आयुष्यभराची असते. काढून टाकलेले जठर परत बसविता येत नाही आणि वळविलेले आतडे पूर्ववत करणे ही स्वतंत्र मोठी शस्त्रक्रिया ठरते. म्हणूनच या निवडीचे शास्त्रीय निकष सुशिक्षित वर्गाला ज्ञात असणे आवश्यक आहे.

लेखाची उद्दिष्टे :
१) स्थूलतेवरील प्रमुख शस्त्रक्रियांचे स्वरूप समजून घेणे.
२) त्यांच्या परिणामांविषयी झालेल्या तुलनात्मक अभ्यासांचा आढावा घेणे.
३) भारतीय, विशेषतः शाकाहारी रुग्णाच्या संदर्भात निवडीचे निकष मांडणे.

विवेचनाची पद्धत :
प्रस्तुत लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून त्यासाठी प्रकाशित वैद्यकीय अभ्यास व मार्गदर्शक तत्त्वे या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे. हा लेख वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही. सल्ला घेताना कोणते प्रश्न विचारावेत याची जाण निर्माण करणे एवढाच त्याचा हेतू आहे.

विषय-विवेचन :

१. पात्रतेचे माप व त्याची मर्यादा
किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता शरीर वस्तुमान निर्देशांक मिळतो. या मापाची कल्पना एकोणिसाव्या शतकातील बेल्जियन गणितज्ञ केत्ले यांची. त्याला आजचे नाव १९७२ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. हे माप सोपे असले तरी शरीरात चरबी किती व स्नायू किती हे ते सांगत नाही. या मर्यादेचे सर्वांत बोलके उदाहरण पुण्याशी निगडित आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरातील चरबीचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात ते २१.२ टक्के होते. २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात ही तुलना प्रसिद्ध झाली. भारतीय माणूस वरकरणी बारीक दिसूनही आतून स्थूल असू शकतो, ही बाब तिने जगासमोर आणली.

या जाणिवेतून आशियाई लोकांसाठी निराळ्या मर्यादा ठरविल्या गेल्या. १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने निर्देशांक ४० असल्यास, किंवा ३५ व सोबत गंभीर सहव्याधी असल्यास शस्त्रक्रिया योग्य मानली होती. भारतीय तज्ज्ञांच्या २००९ मधील सहमतीने ही मर्यादा अनुक्रमे ३७.५ व ३२.५ अशी खाली आणली. २०२२ मध्ये अमेरिकन व आंतरराष्ट्रीय शल्यविशारद संघटनांनी संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या तत्त्वांत आशियाई रुग्णांना निर्देशांक २७.५ पासून शस्त्रक्रियेचा पर्याय द्यावा, असे म्हटले आहे. १६५ सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीच्या बाबतीत २७.५ म्हणजे सुमारे ७५ किलो, ३२.५ म्हणजे सुमारे ८८ किलो आणि ४० म्हणजे सुमारे १०९ किलो वजन होय. मर्यादा कोणती मानली यावर कोण 'पात्र' ठरतो हे किती बदलते, ते या आकड्यांवरून ध्यानात येते.

२. शस्त्रक्रिया शरीरात काय घडविते?
आरंभीच्या काळात विचार सरळ होता. अन्न कमी शोषले गेले की वजन उतरेल. १९५४ मध्ये क्रेमेन व लिनर यांनी लहान आतड्याचा बराचसा भाग टाळून अन्न पुढे नेण्याची शस्त्रक्रिया मांडली. वजन भरपूर उतरले. पण यकृत निकामी होणे, मूत्रखडे, तीव्र कुपोषण असे परिणाम दिसू लागल्याने ही शस्त्रक्रिया सोडून द्यावी लागली. या इतिहासाचा धडा आजही लागू आहे. जी शस्त्रक्रिया सर्वाधिक वजन उतरविते ती सर्वोत्तम असतेच असे नाही.

पुढे १९६६-६७ च्या सुमारास आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन व चेस्टर इटो यांनी जठराच्या बायपासची शस्त्रक्रिया सुरू केली. तिच्यानंतर अनेक रुग्णांचा मधुमेह वजन उतरण्यापूर्वीच, काही दिवसांत, आटोक्यात येत असल्याचे शल्यविशारदांच्या लक्षात आले. वॉल्टर पोरीज यांनी १९९५ मध्ये ही बाब ठळकपणे मांडली. त्यामागील कारण केवळ कमी खाणे हे नव्हे. जठराच्या वरच्या फुगीर भागात 'घ्रेलिन' हे भूक वाढविणारे संप्रेरक मुख्यत्वे तयार होते. अन्न लहान आतड्याच्या पुढील भागात लवकर पोहोचल्यास 'जीएलपी-१' व 'पीवायवाय' ही तृप्तीची भावना देणारी संप्रेरके अधिक स्रवतात. म्हणजे शस्त्रक्रियेने भूक व इन्सुलिन यांचे नियमनच बदलते. याच कारणाने तिला आता 'चयापचयाची शस्त्रक्रिया' असेही संबोधले जाते.

३. शस्त्रक्रियांचे प्रमुख प्रकार
आज बहुतेक शस्त्रक्रिया पोटावर लहान छिद्रे पाडून दुर्बिणीद्वारे केल्या जातात. त्यांचे प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

(अ) जठराभोवतीचा पट्टा : जठराच्या वरच्या टोकाभोवती सिलिकॉनचा पट्टा बसवून तो त्वचेखालील कुपीतून सलाइन भरून सैल किंवा घट्ट केला जातो. यात काहीही कापले जात नाही व पट्टा काढता येतो, म्हणून एकेकाळी तो अत्यंत लोकप्रिय होता. २००१ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. परंतु पट्टा सरकणे, जठरात रुतणे, वजन पुरेसे न उतरणे आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे या कारणांनी त्याचा वापर फार कमी झाला आहे.

(आ) स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी : जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग स्टेपलरने कापून काढला जातो व केळ्याच्या आकाराची नळी उरते. आतड्याला हात लावला जात नाही. मूळची ही एका मोठ्या शस्त्रक्रियेची पहिली पायरी होती. अतिस्थूल रुग्णाचे वजन आधी थोडे उतरवून मग दुसरी पायरी करावयाची, असा बेत असे. परंतु पहिल्या पायरीनेच अनेकांना पुरेसा लाभ झाल्याने ती स्वतंत्र शस्त्रक्रिया म्हणून रूढ झाली. आज जगात व भारतातही हीच सर्वाधिक केली जाते. ती तुलनेने सोपी व कमी वेळाची आहे. मात्र कापलेला भाग कायमचा जातो, स्टेपलच्या रेषेतून गळती होण्याचा थोडा धोका असतो आणि छातीतील जळजळ वाढू शकते.

(इ) रू-एन-वाय गॅस्ट्रिक बायपास : जठराच्या वरच्या टोकाची सुमारे ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडली जाते. उरलेले जठर शरीरातच राहते, पण अन्न त्यातून व आतड्याच्या आरंभीच्या भागातून जात नाही. जोडणी इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी दिसते आणि स्विस शल्यविशारद सेझार रू यांचे नाव तिला मिळाले आहे. मधुमेह व आम्लपित्त या दोन्हींवर ती प्रभावी आहे. जोडणीच्या जागी व्रण होणे, आतडे आतल्या आत अडकणे, गोड खाल्ल्यावर घाम, धडधड व जुलाब होणे, तसेच लोह, कॅल्शियम व ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता हे तिचे संभाव्य तोटे होत.

(ई) एका जोडणीचा बायपास : यास 'मिनी गॅस्ट्रिक बायपास' असेही म्हणतात. अमेरिकेतील रॉबर्ट रटलेज यांनी १९९७ मध्ये ही पद्धत सुरू केली. जठराची लांब नळी करून ती आतड्याला एकाच ठिकाणी जोडली जाते व साधारणपणे १५० ते २०० सेंटिमीटर आतडे टाळले जाते. दोनऐवजी एकच जोडणी असल्याने शस्त्रक्रिया सुटसुटीत होते. भारतातही ती बऱ्याच प्रमाणात केली जाते. पित्त जठरात व अन्ननलिकेत येण्याची शक्यता आणि पोषणाची अधिक कमतरता या तिच्या मर्यादा आहेत.

(उ) ड्युओडिनल स्विच व तत्सम शस्त्रक्रिया : स्लीव्हसोबत आतड्याचा मोठा भाग टाळला जातो. वजन व मधुमेह यांवर हिचा परिणाम सर्वाधिक, तसाच प्रथिने व जीवनसत्त्वे यांच्या कमतरतेचा धोकाही सर्वाधिक असतो. अत्यंत अधिक निर्देशांक असलेल्या निवडक रुग्णांपुरतीच ती वापरली जाते.

जठरात काही महिने ठेवण्याचा फुगा ही शस्त्रक्रिया नसून तात्पुरता उपाय आहे. तो काढल्यानंतर वजन पुन्हा वाढण्याची शक्यता असते.

४. तुलनात्मक अभ्यास काय सांगतात?
प्रथम एका आकड्याविषयी सावध राहावयास हवे. या क्षेत्रात 'अतिरिक्त वजनातील घट' हे माप वापरले जाते. १६५ सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन ११० किलो असेल, तर निर्देशांक २५ धरून तिचे योग्य वजन ६८ किलो व अतिरिक्त वजन ४२ किलो होते. 'साठ टक्के घट' म्हणजे या ४२ किलोंच्या साठ टक्के, अर्थात सुमारे २५ किलो. एकूण वजनाच्या हिशेबाने ती २३ टक्के भरते. माहितीपत्रकातील टक्केवारी यांपैकी कोणती, हे विचारल्याखेरीज तिचा अर्थ लागत नाही.

शस्त्रक्रियेच्या एकूण लाभाविषयी स्वीडनमधील अभ्यास महत्त्वाचा मानला जातो. १९८७ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात ४,०४७ व्यक्ती होत्या. शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूचे प्रमाण कमी असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून दिसून आले. शस्त्रक्रियेच्या तात्काळ धोक्याविषयी अमेरिकेतील ४,७७६ रुग्णांच्या अभ्यासात (२००९) पहिल्या तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ०.३ टक्के आढळले. धोका लहान आहे, पण शून्य नाही.

स्लीव्ह व बायपास यांची थेट तुलना फिनलंडमध्ये २४० रुग्णांवर करण्यात आली. दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. अतिरिक्त वजनातील घट स्लीव्हमध्ये ४३.५ टक्के, तर बायपासमध्ये ५०.७ टक्के होती. मात्र अन्ननलिकेचा दाह स्लीव्ह झालेल्या ३१ टक्के रुग्णांत, तर बायपास झालेल्या केवळ ७ टक्के रुग्णांत आढळला. स्वित्झर्लंडमधील २१७ रुग्णांच्या अभ्यासात (२०१८) पाच वर्षांनी वजनातील घटीत लक्षणीय फरक नव्हता. परंतु आधीपासून असलेली छातीतील जळजळ स्लीव्हनंतर ३१.८ टक्के रुग्णांत वाढली, बायपासनंतर ती ६.३ टक्के रुग्णांत वाढली. म्हणजे वजनाच्या काट्यावरील फरक लहान आहे, रोजच्या जगण्यातील फरक मोठा आहे.

मधुमेहाबाबत अमेरिकेतील १५० रुग्णांच्या चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष (२०१७) उल्लेखनीय आहेत. तीन महिन्यांची सरासरी साखर ६ टक्के किंवा त्याखाली आणण्यात केवळ औषधे घेणारे ५ टक्के, स्लीव्हनंतर २३ टक्के व बायपासनंतर २९ टक्के रुग्ण यशस्वी झाले. या आकड्यांची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. शस्त्रक्रियेनंतरही बहुसंख्य रुग्ण त्या कठोर मर्यादेखाली आले नाहीत. मधुमेह 'कायमचा जातो' हे विधान त्यामुळे सरसकट खरे नाही.

एका जोडणीच्या बायपासची पारंपरिक बायपासशी तुलना फ्रान्समध्ये २५३ रुग्णांवर झाली (२०१९). दोन वर्षांनी वजनातील घट जवळपास सारखीच होती. परंतु गंभीर दुष्परिणामांच्या घटना अनुक्रमे ४२ व २४ होत्या. पोषणविषयक गंभीर गुंतागुंतीच्या सर्व ९ घटना एका जोडणीच्या गटात घडल्या. त्या अभ्यासात २०० सेंटिमीटर आतडे टाळलेले होते. म्हणून किती आतडे टाळणार, हा प्रश्न रुग्णाने विचारणे रास्त ठरते.

५. निवडीचे निकष
(अ) छातीतील जळजळ : दीर्घकाळची तीव्र जळजळ, अन्ननलिकेचा दाह किंवा तिच्या अस्तरातील बदल असल्यास स्लीव्ह टाळून रू-एन-वाय बायपासचा विचार केला जातो. त्यासाठी शस्त्रक्रियेपूर्वी दुर्बिणीने अन्ननलिका व जठर पाहणे हितावह असते. जळजळ नसतानाही ही तपासणी निवड बदलू शकते.

(आ) मधुमेहाची अवस्था : क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक गुणांकन मांडले. मधुमेहाची वर्षे, औषधांची संख्या, इन्सुलिनचा वापर व साखरेचे नियंत्रण या चार गोष्टींवरून मधुमेह सौम्य, मध्यम किंवा तीव्र ठरविला जातो. मध्यम अवस्थेत बायपासचा लाभ स्पष्टपणे अधिक दिसतो. तीव्र अवस्थेत स्वादुपिंडाची शक्तीच संपत आलेली असल्याने दोन्ही शस्त्रक्रियांचा परिणाम मर्यादित राहतो. अशा वेळी कमी जोखमीची स्लीव्ह पुरेशी मानली जाते. आजार जितका जुना तितकी मोठी शस्त्रक्रिया हवी, हा समज येथे फोल ठरतो.

(इ) आहार व पोषण : भारतीय संदर्भात हा निकष सर्वांत महत्त्वाचा आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित आहे. लोह व कॅल्शियम यांचे शोषण मुख्यतः लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात होते. बायपासमध्ये नेमका तोच भाग टाळला जातो. ब१२ जीवनसत्त्वासाठी जठरातील घटकांची गरज असते व ते प्रामुख्याने प्राणिज पदार्थांतून मिळते. शाकाहारी रुग्णात त्याची कमतरता आधीपासूनच असू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. अशा स्त्रीवर बायपास करताना रक्तक्षय आधी दुरुस्त करणे व नंतर सतत लक्ष ठेवणे अनिवार्य ठरते.

प्रथिनांचा प्रश्नही तितकाच मोठा आहे. शस्त्रक्रियेनंतर दररोज किमान ६० ग्रॅम प्रथिने घ्यावीत असे सांगितले जाते. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम व पेलाभर दुधातून ६ ते ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. पातळ वरण, भात व पोळी यांवर भर असलेल्या जेवणातून, तेही चार-सहा घासांतच पोट भरत असताना, ६० ग्रॅमचा पल्ला गाठणे कठीण असते. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यास पिष्ट व स्निग्ध पदार्थ पोटात जातात, प्रथिने फारशी जात नाहीत. वारंवार उपवास करणाऱ्या, अंडी न खाणाऱ्या व पूरक प्रथिने घेण्यास नाखूश असलेल्या व्यक्तीसाठी आतड्याचा मोठा भाग टाळणारी शस्त्रक्रिया जोखमीची ठरते.

(ई) वजनाची पातळी : निर्देशांक ५० च्या वर असल्यास एका शस्त्रक्रियेत सर्व साध्य करण्याऐवजी आधी स्लीव्ह व गरज भासल्यास नंतर बायपास असा टप्प्याटप्प्याचा मार्ग स्वीकारता येतो. स्लीव्हचे नंतर बायपासमध्ये रूपांतर करता येणे ही तिची जमेची बाजू आहे.

(उ) सवयी, औषधे व इतर आजार : धूम्रपान करणाऱ्या, किंवा सांधेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या नियमित लागणाऱ्या रुग्णास बायपासनंतर जोडणीवर व्रण होण्याचा धोका अधिक असतो. बायपासनंतर मद्य रक्तात वेगाने भिनते, ही बाबही उघडपणे बोलावयास हवी. उरलेले जठर नेहमीच्या दुर्बिणीने पाहता येत नसल्याने जठराच्या कर्करोगाचा कौटुंबिक इतिहास असल्यास बायपासबाबत वेगळा विचार करावा लागतो. गर्भधारणा शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने लांबवावी, असा सल्ला दिला जातो.

(ऊ) पाठपुराव्याची शक्यता : जीवनसत्त्वांच्या गोळ्या व वार्षिक रक्ततपासणी आयुष्यभर चालू ठेवावी लागते. जिल्ह्याच्या ठिकाणी शस्त्रक्रिया करून दूरच्या खेड्यात परतणाऱ्या रुग्णाला ते जमेल काय, हे आधी विचारावे. विशेषतः सतत उलट्या होत असल्यास थायमिन या जीवनसत्त्वाची कमतरता होऊन मेंदूला इजा पोहोचू शकते. अशा वेळी थायमिन न देता केवळ ग्लुकोजचे सलाइन लावणे घातक ठरते. म्हणून गावातील डॉक्टरांना कोणती शस्त्रक्रिया झाली आहे ते लेखी कळविणे गरजेचे आहे.

(ए) आर्थिक बाजू : भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातील वगळणुकींचे प्रमाणीकरण केले. त्यातील अटींनुसार वय किमान १८ वर्षे असावे आणि निर्देशांक ४०, किंवा ३५ व सोबत अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार, झोपेतील तीव्र श्वासरोध यांसारखी गंभीर व्याधी असावी. भारतीय तज्ज्ञांच्या ३७.५ व ३२.५ या मर्यादांशी हे जुळत नाही. परिणामी वैद्यकीयदृष्ट्या पात्र असलेली व्यक्ती विम्याच्या दृष्टीने अपात्र ठरू शकते. आपल्या पॉलिसीतील शब्द आधी वाचून घेणे श्रेयस्कर होय.

६. निकषांचे उपयोजन : तीन कल्पित उदाहरणे
वरील निकष एकत्र कसे लागू होतात हे पाहण्यासाठी तीन व्यक्तींची कल्पना करू.

पहिली व्यक्ती ५० वर्षांची प्राध्यापिका आहे. निर्देशांक ३८, सहा वर्षांचा मधुमेह, दोन औषधे, रात्री उशाला दोन उश्या घेऊन झोपावे लागेल एवढी जळजळ. येथे मधुमेह व जळजळ हे दोन्ही निकष रू-एन-वाय बायपासकडे निर्देश करतात.

दुसरी व्यक्ती ३२ वर्षांची कार्यालयीन कर्मचारी आहे. निर्देशांक ३९, कट्टर शाकाहारी, हिमोग्लोबिन कमी, मधुमेह नाही, जळजळ नाही आणि पुढे अपत्याची इच्छा. तिच्या बाबतीत आतड्याला हात न लावणारी स्लीव्ह अधिक सयुक्तिक दिसते. परंतु आधी रक्तक्षय व ब१२ यांची कमतरता भरून काढणे आवश्यक आहे.

तिसरी व्यक्ती ४५ वर्षांचा पुरुष आहे. निर्देशांक ५४, झोपेत श्वास अडकतो, धूम्रपान चालू आहे. येथे प्रथम धूम्रपान थांबविणे व श्वासरोधावर उपचार करणे, त्यानंतर स्लीव्ह आणि गरज पडल्यास दुसरा टप्पा, असा क्रम योग्य ठरू शकतो.

या तिघांनी एकमेकांच्या अनुभवावरून शस्त्रक्रिया निवडली असती, तर तिघांचीही निवड चुकण्याचा संभव होता. अर्थात प्रत्यक्षात अंतिम निर्णय तपासण्यांनंतर शल्यविशारद, मधुमेहतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ व स्वतः रुग्ण यांनी मिळूनच घ्यावयाचा असतो.

७. नव्या औषधांचा पर्याय
भारतात टिर्झेपेटाइड हे औषध मार्च २०२५ मध्ये, तर वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये उपलब्ध झाले. परदेशातील मोठ्या चाचण्यांत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के, तर टिर्झेपेटाइडच्या सर्वाधिक मात्रेने ७२ आठवड्यांत सरासरी २०.९ टक्के एकूण वजन घटले. शस्त्रक्रियेतील घट साधारणतः २५ ते ३० टक्के असते. औषध बंद केल्यावर वजन पुन्हा वाढण्याची प्रवृत्ती असल्याने ते दीर्घकाळ घ्यावे लागते. तथापि निर्देशांक फार अधिक नसलेल्या व्यक्तीने शस्त्रक्रियेपूर्वी या पर्यायाची चर्चा अवश्य करावी.

निष्कर्ष :
१) सर्वांसाठी सर्वोत्तम अशी एकच शस्त्रक्रिया नाही. स्लीव्ह व बायपास यांतील वजनघटीचा फरक दीर्घकालीन अभ्यासांत मर्यादित आढळतो.
२) निवडीत वजनाइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व छातीतील जळजळ, मधुमेहाची अवस्था व पोषण यांना द्यावयास हवे.
३) शाकाहार, रक्तक्षय व ब१२ ची कमतरता यांमुळे भारतीय रुग्णांच्या बाबतीत पाश्चात्त्य निष्कर्ष जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.
४) आतडे जितके अधिक टाळले जाते, तितकी आयुष्यभराच्या पाठपुराव्याची जबाबदारी वाढते. जेथे पाठपुरावा शक्य नाही, तेथे साधी शस्त्रक्रिया अधिक सुरक्षित ठरते.
५) वैद्यकीय पात्रता व विम्याची पात्रता यांत तफावत असून तिचा पुनर्विचार होणे गरजेचे आहे.

समारोप :
स्थूलतेवरील शस्त्रक्रिया म्हणजे आजाराचा शेवट नव्हे. ती एका नव्या जीवनपद्धतीची सुरुवात आहे. शल्यविशारदाचे काम एक-दोन तासांत संपते, रुग्णाचे काम त्यानंतर सुरू होते. म्हणून 'कोणत्या शस्त्रक्रियेत किती किलो उतरतात' या प्रश्नाआधी 'कोणत्या शस्त्रक्रियेबरोबर या व्यक्तीला पुढील तीस वर्षे जगता येईल' हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. शिक्षकवर्गाशी समाज अशा निर्णयांच्या वेळी विश्वासाने बोलतो. त्या वेळी लठ्ठपणाची चेष्टा किंवा ऐकीव सल्ला देण्याऐवजी योग्य प्रश्न सुचविता आले, तर एखाद्या कुटुंबाचा घाईचा, न परतविता येणारा निर्णय टळू शकेल.